चूक कधी कळेल? जोखीम पाहून टेस्टिंग बसवताना

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरण, भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती आणि दुपारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यातून मुनीमजींचा फोन आला. क्रेडिट नोटांवरचा, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम आणि कर वजा करणाऱ्या कागदांवरचा, कर जुळत नव्हता. ऑगस्टमध्ये पुण्याच्या व्यापाऱ्याला १,४५० रुपये नगाच्या ४० चादरी गेल्या होत्या. करपात्र रक्कम ५८,०००, तेव्हाचा दर १२ टक्के, कर ६,९६०. रंगाच्या तक्रारीवरून सगळा माल सप्टेंबरअखेर परत आला. मधल्या काळात, २२ सप्टेंबरपासून, नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या चादरी-टॉवेलांवरचा दर ५ टक्के झाला होता. परतीच्या मालाला मूळ बिलाचाच दर लागतो. आम्ही बनवलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने परतीच्या दिवसाचा लावला. कर निघाला २,९००. एका नोटेत कारखानदाराचे ४,०६० रुपये अडकत होते, आणि अशा नोटा तीन कारखान्यांच्या मिळून अकरा निघाल्या. त्या रात्री बाराच्या सुमारास सगळ्या दुरुस्त करून दिल्या.

ही चूक टेस्टिंगमधून कशी सुटली, हे शोधायला अर्धा तास पुरला. आमच्या एक्सेल शीटमध्ये ६१८ टेस्ट केस (काय करून पाहायचं आणि काय उत्तर यायला हवं याच्या ओळी) होत्या, मेनूच्या क्रमाने मांडलेल्या. लॉगिन सगळ्यात वर. पूर्ण शीट दोन टेस्टरना मिळून कामाचे नऊ दिवस घ्यायची. नव्या दरांची अधिसूचना १७ सप्टेंबरला आली, दर २२ ला लागू व्हायचे होते. हाती चार दिवस. आम्ही वरून सुरुवात केली आणि ३१० व्या ओळीपर्यंत पोहोचलो. क्रेडिट नोट ४८२ व्या ओळीपासून सुरू होत होती. तिथवर पोहोचलो असतो तरी उपयोग नव्हता, कारण त्या नऊच्या नऊ केसमध्ये बिल आणि परतीचा माल एकाच दिवसाचे होते. लॉगिन, पासवर्ड आणि मेनूंवर मात्र ७४ केस होत्या, आणि त्या चार दिवसांत आम्ही त्या सगळ्या चालवल्या होत्या.

सोलापुरात चार-सहा जणांच्या, यंत्रमाग आणि गारमेंटवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या टीम बऱ्याच आहेत. त्यांच्यापैकी कुणी अशा शीटसमोर बसलं असेल, तर पुढच्या सहा महिन्यांत काय केलं, किती वेळ-पैसा लागला आणि कुठे अडलं ते क्रमाने लिहून ठेवतो आहोत. आमच्याकडे तीन डेव्हलपर, दोन टेस्टर आणि ३४ ग्राहक.

१३ ऑक्टोबरला, सोमवारी, पहिली बैठक झाली. ठरलं एवढंच, की नवीन टेस्ट केस आत्ता एकही लिहायची नाही, आधी काय काय बिघडू शकतं ते लिहायचं. पहिल्या दिवशीची यादी निकामी ठरली. ‘बिलिंगमध्ये बग येऊ शकतो’, ‘रिपोर्ट चुकू शकतो’ अशा ओळी. यातून काहीच ठरत नाही. मग एक साचा केला: काय झाल्यामुळे, काय चुकलं, तर कुणाचं, कसलं नुकसान. त्या साच्यात क्रेडिट नोटची ओळ अशी बसली: ‘परतीच्या मालाला मूळ बिलाऐवजी आजचा दर लागला, तर कर कमी वजा होतो आणि फरक कारखानदाराच्या खिशातून जातो.’ ही ओळ वाचली की टेस्ट काय करायची ते आपोआप दिसतं. ज्या ओळीतून टेस्ट दिसत नाही, ती ओळ अजून नीट लिहिलेली नाही असं धरायचं.

दुसरी गोष्ट, यादी स्क्रीनच्या क्रमाने करू नका. मालाच्या वाटेने करा. सूत आलं, ताणा झाला, जॉबवर्कचं (बाहेरच्या विणकराकडे द्यायच्या कामाचं) चलन बनलं, माल विणून आला, रंगाईला गेला, शिलाई-तपासणी झाली, बिल झालं, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) निघालं, वसुली झाली. प्रत्येक टप्प्यावर माल, पैसा किंवा कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आमच्या ४६ जोखमींपैकी ३० हून जास्त या हस्तांतराच्या जागी सापडल्या; स्क्रीनच्या क्रमाने केलेल्या यादीत त्यातल्या निम्म्याही नव्हत्या.

यानंतर ग्राहकांना विचारायचं होतं, पण दिवाळी तोंडावर होती आणि टॉवेल-चादरवाल्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. तीन आठवडे थांबावं लागलं. ३ नोव्हेंबरच्या आठवड्यात पाच कारखान्यांत जाऊन बसलो, प्रत्येक ठिकाणी दीड-दोन तास. पहिल्या ठिकाणी विचारलं, ‘सॉफ्टवेअरमधला कोणता भाग तुमच्यासाठी महत्त्वाचा?’ उत्तर आलं, सगळाच. हा प्रश्न विचारूच नये. पुढच्या चार ठिकाणी प्रश्न बदलला: ‘आमच्या सॉफ्टवेअरने दिलेला कोणता आकडा तुम्ही पुन्हा हाताने तपासता?’ आणि मग टेबलावरचे कागद बघत बसलो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात तिथल्या मुनीमजींच्या समोर जॉबवर्कच्या चलनांची चळत होती. प्रत्येक चलनावर वजनाच्या रकान्यात लाल पेनाची टिक, आणि काही आकड्यांशेजारी बारीक अक्षरात दुसरा आकडा. ते काट्याच्या पावतीवरून वजन पाहत आणि चलनावरचं दुरुस्त करत. कारण विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, बिल छापलं नाही तर मी हाताने लिहून गाडी सोडतो. पण विणकराच्या खात्यात किलोभर सूत कमी दिसलं, तर ते त्याच्या मजुरीतून कापायचं का? तुम्हीच सांगा.’

ऑफिसला येऊन कोड उघडला. दिलेलं सूत किलोच्या पुढे तीन दशांश ठेवून नोंदलं जात होतं. परत आलेल्या मालाच्या नोंदीत दोनच दशांश होते, आणि तिसरा अंक गोल न करता तोडला जात होता. म्हणजे ९६.४०९ चे ९६.४०. एका नोंदीत जास्तीत जास्त ९ ग्रॅम. पण तूट नेहमी एकाच बाजूला, विणकराच्या. महिन्याला २०० ते २५० नोंदी असल्या की कागदावरून किलोभर सूत गायब होतं. दोन वर्षं हे चालू होतं आणि आमच्या सपोर्टच्या वहीत याची एकही तक्रार नव्हती, कारण मुनीमजी स्वतःच दुरुस्त करत होते. हे पाहून खरंच वाईट वाटलं. चूक आमची, पण कुणाच्या तरी मजुरीवर येऊ शकली असती.

इथेच सगळ्या पद्धतीचा गाभा हाती लागला. जोखीम मोजताना साधारणपणे दोन गोष्टी धरतात: चूक व्हायची शक्यता किती, आणि झाली तर नुकसान किती. आम्ही तिसरा रकाना घातला: चूक कळायला किती वेळ लागेल. ही कल्पना आमची नाही. काय काय बिघडू शकतं ते आधीच मांडायची, कारखान्यांत वापरली जाणारी एफएमईए ही पद्धत अमेरिकी लष्कराने १९४० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आणली; पुढे उद्योगांत रुळलेल्या तिच्या रूपात तीव्रता, वारंवारता आणि ‘सापडण्याची शक्यता’ असे तीन रकाने असतात. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या पुस्तकी मांडणीत हा तिसरा रकाना बहुधा गळतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच सगळ्यात बोलका आहे. प्रिंटर अडला तर दोन मिनिटांत फोन येतो. कराचा दर चुकला तर महिनाअखेरीला कळतं. वजन तुटलं तर कदाचित कधीच नाही.

१७ नोव्हेंबरपासून गुण द्यायला बसलो. आधी १ ते ५ गुण ठेवले होते. दीड तासात ४६ पैकी २९ जोखमींना ३ मिळाले. मधला आकडा असला की माणूस तिथे जाऊन बसतो. म्हणून १ ते ४ केलं आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ आधी लिहून काढला. नुकसान: १ म्हणजे नुसता त्रास, २ म्हणजे तासाभराचं काम पुन्हा, ३ म्हणजे पाच हजारांपर्यंत फटका किंवा गाडी अडणं, ४ म्हणजे त्याहून जास्त पैसे, करखात्याची नोटीस, किंवा कुणाची मजुरी चुकणं. कळायला वेळ: १ म्हणजे त्याच मिनिटाला, २ त्याच दिवशी, ३ विवरण भरताना, ४ ऑडिटला किंवा कधीच नाही.

शक्यतेचे गुण मतावर देऊ नका. आम्ही चार पुरावे पाहिले. गिट लॉगमधून (कोडमधल्या बदलांच्या नोंदींमधून) गेल्या सहा महिन्यांत कोणत्या फाइली किती वेळा बदलल्या. तो कोड किती जणांना कळतो. तो बाहेरच्या पोर्टलवर अवलंबून आहे का. आणि सपोर्टच्या वहीतल्या तक्रारी. शेवटचा पुरावा जपून वापरावा. आमच्या वहीत सगळ्यात जास्त फोन छपाईचे होते, आणि केवळ संख्येवर गेलो असतो तर प्रिंटर पहिल्या क्रमांकावर आला असता.

तिन्ही गुणांचा गुणाकार केला, जास्तीत जास्त ६४. पण गुणाकारावर आंधळा विश्वास ठेवू नये. नुकसानाचा गुण पहिला धरला, तर ४×१×४ आणि २×२×४ दोन्ही १६ होतात. पहिल्यात नोटीस आहे, दुसऱ्यात तासाभराचं काम. वाहनउद्योगाने २०१९ मध्ये एफएमईएतला हा गुणाकार याच अडचणीमुळे मागे टाकला आणि तीव्रतेला पहिला मान देणारी तक्ते-पद्धत आणली. आम्ही साधा नियम केला: नुकसान ४ असेल तर ती जोखीम शेवटच्या गटात कधीच जाणार नाही. ४६ जोखमींतून ११ ‘अ’ गटात, १७ ‘ब’ मध्ये, १८ ‘क’ मध्ये गेल्या. ‘अ’ गटाला लिहिलेल्या टेस्ट, हाताने काढलेलं उत्तर, दुसऱ्या माणसाची नजर आणि ऑटोमेशन (टेस्ट आपोआप चालवणारा प्रोग्राम). ‘ब’ ला दीड-दीड तासाची मोकळी टेस्टिंग, म्हणजे पायऱ्या न ठरवता, फक्त हेतू आधी लिहून. ‘क’ ला फक्त तो भाग बदलला तर एक झटपट फेरी.

२४ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर ‘अ’ गटाच्या टेस्ट लिहिण्यात गेले. दराच्या सीमेवर २,४९९.९९, २,५०० आणि २,५००.०१ अशा तीन किमती घेतल्या. २,५०० ला ५ टक्के, त्यापुढे १८. खरी मेख सवलतीची होती. २,६०० ची चादर ५ टक्के सूट देऊन २,४७० ला जाते. सूट ओळीवर दिली की दर बरोबर लागत होता, बिलाच्या तळाशी दिली की १८ टक्के लागत होता.

ई-वे बिलाची मर्यादा करासकट रकमेवर असते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती १ लाख, राज्याबाहेर ५०,०००. सोलापुरातून विजापूर, कलबुर्गी जवळ, त्यामुळे दोन्ही रोज लागतात. ५ टक्के दराने ९५,२३८ चं बिल ९९,९९९.९० होतं आणि ९५,२३९ चं १,००,०००.९५. या दोन आकड्यांत करपात्र रकमेवर तपासणारा कोड लगेच सापडतो. शिवाय जॉबवर्कसाठी राज्यात ५० किलोमीटरच्या आत जाणाऱ्या सुताला ई-वे बिल लागत नाही, आणि जॉबवर्कसाठीच राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला कितीही कमी किमतीला लागतं. तुमच्या टेस्टमध्ये ही दोन्ही टोकं आहेत का, पाहा.

बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. एका ग्राहकाची मालिका उपसर्ग, वर्ष आणि तिरक्या रेघा धरून ९,९९९ व्या बिलापर्यंत बरोबर १६ होती. दहा हजारावं बिल पोर्टलने नाकारलं असतं.

पैशांच्या गोलाईत एक पैशाचा घोळ निघाला. १,२३३ चे अडीच टक्के ३०.८२५. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला डेसिमल हा संख्याप्रकार, काही सांगितलं नाही तर, अर्धा पैसा सम अंकाकडे वळवतो: ३०.८२. पोस्टग्रेस या डेटाबेसचा न्यूमेरिक वर नेतो: ३०.८३. बिल पायथनमधून छापलं जायचं, रिपोर्ट पोस्टग्रेसमधून यायचा. गोलाई एकाच ठिकाणी करा आणि नियम उघड लिहा.

सगळ्यात जास्त वेळ लाइट जाण्यावर गेला, आणि तो सार्थकी लागला. आमची समजूत अशी, की कारखान्यांत यूपीएस असतो, त्यामुळे हा प्रश्न संपला. पाचही ठिकाणी यूपीएस होता, पण तीन ठिकाणी त्यावर फक्त संगणक होता. नेटवर्कचा स्विच आणि राउटर भिंतीच्या सॉकेटवर. लाइट गेली की संगणक चालू राहतो, सर्व्हरशी जोडणी तुटते. ऑपरेटरला स्क्रीन अडकलेली दिसते, लाइट येताच तो सेव्ह पुन्हा दाबतो. हे तंतोतंत उभं करायला ११,००० रुपयांना ४ जीबीचा जुना डेस्कटॉप घेतला आणि राउटरसाठी बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड. सेव्ह दाबायचं आणि वेगवेगळ्या क्षणी बटण बंद करायचं, असं २० वेळा केलं. चार वेळा एकाच मालाची दोन बिलं झाली, तीन वेळा साठा कमी झाला आणि बिल झालंच नाही.

दुसऱ्याचं कारण सोपं होतं: साठा आणि बिल दोन वेगळ्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये (एक तर पूर्ण होणाऱ्या, नाही तर अजिबात न होणाऱ्या नोंदीत) होते, एकत्र केले. पहिल्यात बिल सर्व्हरवर पोहोचलेलं असायचं, फक्त उत्तर परत येत नव्हतं. आता फॉर्म उघडतानाच प्रत्येक बिलाला एक खास ओळख क्रमांक मिळतो; तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवीन बिल न करता आधीचंच परत देतो. पुन्हा २० वेळा बटण दाबलं, दोन्ही बिघाड दिसले नाहीत. विसात न दिसणं म्हणजे कधीच न होणं नव्हे, म्हणून ही जोखीम ‘अ’ मध्येच ठेवली आणि हीच टेस्ट ऑटोमेशनमध्ये २०० वेळा चालते.

‘ब’ गटातली छपाई पटकन उरकली. चार प्रिंटर, तीन विंडोज आवृत्त्या, तीन कागद, दोन भाषा: एकूण ७२ तऱ्हा. प्रत्येक दोन गोष्टींची जोडी एकदा तरी यावी असं मांडलं की १२ पुरतात.

सगळ्यात अवघड काम टेस्ट काढून टाकण्याचं निघालं. ६१८ पैकी २४३ बाजूला ठेवायच्या होत्या आणि हात उचलत नव्हता. एखादी काढली आणि नेमकी तिथेच चूक निघाली तर, ही भीती सगळ्यांनाच होती. त्यावर दोन गोष्टींनी मदत झाली. केस पुसायची नाही, वेगळ्या शीटवर ठेवायची, कारण आणि फेरविचाराची तारीख लिहून. आणि कोणती जोखीम न तपासता सोडतो आहोत त्याचं एक पान करून मालकांची सही घ्यायची. सहीसाठी आठ दिवस गेले, दोन ओळींवर वाद झाला, आणि त्यातली एक, वापरकर्त्यांचे अधिकार, ‘क’ मधून ‘ब’ मध्ये गेली. ते बरोबरच झालं. टेस्टरने एकट्याने असे निर्णय घेऊ नयेत.

खर्च सांगायचा तर डेस्कटॉपचे ११,०००, टेस्ट सर्व्हरचे महिन्याला १,८००, आणि सगळ्यांचे मिळून कामाचे ६१ दिवस. शेवटचा आकडा आधीच मालकांना सांगा; आम्ही ३० सांगितले होते, त्यामुळे डिसेंबरमध्ये दोन रिलीज पुढे ढकलावे लागले.

नव्या पद्धतीने पहिलं रिलीज ५ जानेवारीच्या आठवड्यात केलं, सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत. टेस्टिंगला साडेपाच दिवस लागले. रिलीजनंतर दहा मिनिटांत पहिला फोन: ए-५ कागदावर कारखान्याचं नाव कापलं जातंय. छपाईचीच चूक, तासाभरात दुरुस्त झाली. दुसरी चूक १९ जानेवारीला कळली आणि ती जास्त बोचली. एका ग्राहकाने दुसऱ्या जागेचा जीएसटी क्रमांक घेतला होता आणि दोन्ही जागांची बिलं एकाच मालिकेत पडत होती. ही जोखीम यादीतच नव्हती.

तेव्हापासून निसटलेल्या प्रत्येक चुकीला दोनच प्रश्न विचारतो: जोखीम यादीत होती का, आणि असेल तर गट बरोबर होता का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर कारखान्यात पुन्हा जाऊन बसायचं. दुसऱ्याचं आलं तर गुणांचा कोणता पुरावा चुकला ते पाहायचं. प्रत्येक रिलीजआधी ४५ मिनिटं यादी वाचतो. कायदा बदलला, नवा ग्राहक आला किंवा कोड लिहिणारा माणूस बदलला, तर लगेच.

मार्चमध्ये सर्व्हरचं घड्याळ ३१ तारखेच्या रात्री ११:५५ ला लावून आर्थिक वर्ष चार वेळा ओलांडलं. जुन्या वर्षाच्या बिलावरची क्रेडिट नोट, रात्री बाराच्या आधी उघडलेलं आणि नंतर सेव्ह केलेलं बिल, दोन काउंटरवरून एकाच क्षणी काढलेलं पहिलं बिल. १ एप्रिलला, बुधवारी, एकाही ग्राहकाला बिल क्रमांकाची अडचण आली नाही.

पूर्व भागातल्या त्या कारखान्यात एप्रिलमध्ये पुन्हा गेलो होतो. वजनाचे तीन दशांश आता चलनावर छापून येतात. मुनीमजींनी चलनं समोर ठेवली; लाल टिक प्रत्येकावर होती, शेजारचा बारीक आकडा मात्र कुठेच नव्हता. ते अजून तपासतात. वजनाची जोखीम आम्हीही ‘अ’ गटातून हलवलेली नाही.